खिशातलं सूर्यघड्याळ: न्यूरेंबर्गच्या हस्तिदंती डब्या आणि त्यांचे भाऊबंद

ध्रुवमत्स्य (धागालेखक)

जुनी वैज्ञानिक उपकरणं मांडलेल्या दालनात गर्दी होते ती दुर्बिणींपाशी आणि लंबकाच्या घड्याळांपाशी. शेजारच्या कपाटात तळहातावर मावतील अशा हस्तिदंती डब्या, पितळी कडी, चांदीच्या अष्टकोनी चकत्या असतात, त्यांच्याकडे फार कोणी बघत नाही. ही सगळी सूर्यघड्याळं आहेत, खिशात घालून हिंडवायची. कामानिमित्त मी जर्मनीत राहतो आणि न्यूरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनलम्युझियममध्ये जमेल तेव्हा जातो, ते मुख्यतः यांच्यासाठी. त्यांच्यावर मराठीत निवांत बोलता यावं म्हणून हा धागा काढतोय.

भिंतीवरचं किंवा अंगणातलं सूर्यघड्याळ करणं तुलनेनं सोपं. जागा पक्की, अक्षांश पक्का, उत्तर दिशा एकदा शोधली की काम झालं. तेच घड्याळ खिशात घातलं की हे सगळे आधार सुटतात. उत्तर दर वेळी नव्यानं शोधावी लागते आणि मुक्काम हलला की अक्षांश बदलतो. प्रवासी सूर्यघड्याळांचे जेवढे प्रकार निघाले ते सगळे या दोन अडचणींवरचे तोडगे आहेत. म्हणून मी नक्षी नंतर बघतो. आधी बघतो की या कारागिरानं दिशेचं काय केलं आणि अक्षांशाचं काय केलं. कारागिरी खरी तिथेच दिसते.

साधारण १५०० ते १७०० या काळात न्यूरेंबर्ग हे हस्तिदंती घडीच्या सूर्यघड्याळांचं सगळ्यात मोठं केंद्र होतं. ती करणाऱ्यांना गावात होकायंत्रवाले म्हणत, कारण प्रत्येक डबीत होकायंत्र बसवलेलं असे. टूखर, राइनमान, ट्रोशेल, लेझेल, कार्नर, मिलर अशी मोजकी घराणी हा धंदा पिढ्यानपिढ्या करत होती. प्रत्येकाची खूण ठरलेली: टूखरांचा साप, राइनमानांचा मुकुट, हान्स ट्रोशेलचा पक्षी. नाव झिजून गेलं तरी खुणेवरून घराणं कळतं.

डबीची रचना अशी. हस्तिदंताची दोन पानं पितळी बिजागरीनं जोडलेली. डबी उघडून पानं काटकोनात उभी करायची, बाजूच्या हुकानं ती तशीच धरून ठेवायची. वरच्या पानातल्या भोकातून खालच्या पानापर्यंत एक दोरा ताणला जातो. हा दोराच शंकू, म्हणजे सावली पाडणारा भाग. तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा, म्हणजे क्षितिजाशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाएवढा हवा. त्याची सावली खालच्या आडव्या पानावर पडते आणि वरच्या उभ्या पानावरही पडते. दोन्हीकडे तासांच्या रेघा कोरलेल्या असतात. वरच्या पानावर एकाखाली एक अशी बरीच भोकं दिसतात. मालक दक्षिणेला निघाला की दोरा खालच्या भोकात टाकायचा आणि त्या भोकासाठी आखलेली तासांची ओळ वाचायची. कुठल्या शहराला कुठलं भोक, हे कळावं म्हणून शहरांची यादी अंशांसह डबीवरच कोरलेली असते.

दोन पानांच्या चार बाजूंवर किती काम मावतं ते बघून मी दर वेळी थक्क होतो. झाकणाच्या वरच्या अंगाला वाऱ्याच्या दिशांचं चक्र आणि मधोमध छोटं वातकुक्कुट खोचायला भोक. आत दोऱ्याची दोन घड्याळं. शिवाय वाटीसारखे उथळ खळगे, त्यांच्या मध्ये टाचणीएवढा शंकू. एका खळग्यात सूर्योदयापासून किती तास झाले ते दिसतं, दुसऱ्यात मागच्या सूर्यास्तापासून किती झाले ते. हा काही शोभेचा भाग नव्हता. तेव्हा इटलीत दिवसाचे चोवीस तास सूर्यास्तापासून मोजत. खुद्द न्यूरेंबर्गमध्ये दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजायची रीत होती. आपल्याकडे पंचांगातल्या घटी उदयापासून मोजतात, तसंच. आल्प्स ओलांडून व्हेनिसला जाणाऱ्या व्यापाऱ्याला नुसतं किती वाजले हे कळून भागत नसे, कुणाच्या हिशेबानं किती वाजले हे कळावं लागे. तळाच्या अंगाला चंद्राची फिरती चकती असते. तिथी लावली की चांदण्यातल्या सावलीवरून रात्रीची वेळ काढता येते.

रंग हा केवळ सौंदर्याचा भाग नाही, हेही सांगतो. कोरलेल्या रेघांमध्ये लाल, काळा, हिरवा रंग भरलेला असतो. एवढ्या दाटीत डोळ्याला आपली ओळ सापडावी म्हणून प्रत्येक मोजणीचा रंग वेगळा. शेकडो वर्षांनंतर हस्तिदंत मधासारखा पिवळा झालाय, पण खाचेतला लाल रंग अजून दिसतो.

आणि होकायंत्र. वाटीच्या तळाशी सुईसाठी जी रेघ असते ती अनेकदा बरोबर उत्तरेला नसून थोडी कललेली असते. ती कारागिराची चूक नव्हे. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळते, हे या लोकांना पक्कं माहीत होतं. १४५१ सालच्या एका घडीच्या सूर्यघड्याळावरही ही कललेली खूण आहे. न्यूरेंबर्गचाच गेऑर्ग हार्टमान (१४८९–१५६४) यानं १५४४ च्या एका पत्रात नोंदवलंय की रोममध्ये सुई सहा अंश ढळते आणि न्यूरेंबर्गला दहा. दहा अंश दुर्लक्षित केले तर तिथल्या आडव्या घड्याळावर दुपारच्या सुमारास ऋतूप्रमाणे वीस ते चाळीस मिनिटांचा फरक पडतो. पुढे विद्वानांनी ज्याला चुंबकीय दिक्पात म्हणून ग्रंथांत जागा दिली, ते या लोकांनी आधीच डबीच्या तळाशी कोरून ठेवलं होतं. मला याचा फार आदर वाटतो.

प्रतिसाद: केतकीवन

सुंदर धागा, ध्रुवमत्स्य. एक प्रश्न. तेव्हा खिशातली चावीची घड्याळं निघाली होती ना? मग श्रीमंत माणूस सावली कशाला बघत बसेल?

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

केतकीवन, छान विचारलंत. निघाली होती, आणि तीही याच न्यूरेंबर्गात. पीटर हेनलाइन हा कुलूपकार सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच अंगावर बाळगायची छोटी घड्याळं करत होता. पण त्या घड्याळांत संतुलनचक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग नव्हती. ती ख्रिस्तियान हायगेन्समुळे १६७५ मध्ये आली. तोवर दिवसाला पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडणं नेहमीचंच. मग घड्याळ लावायचं कशावर? सूर्यावर. म्हणजे ज्याच्याकडे घड्याळ होतं त्यालाच सूर्यघड्याळाची गरज जास्त होती. स्प्रिंग आल्यावरही ही गरज संपली नाही. घड्याळ चावी द्यायला विसरलात की बंद पडतं, आणि चालू केल्यावर पुन्हा वेळ सांगणारं कोणीतरी लागतंच. फ्रान्समधल्या रेल्वे स्थानकांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सूर्याच्या उपकरणांवरून घड्याळं मिळवून घेत असत.

ही फक्त श्रीमंतांची वस्तू होती असंही नाही. इंग्लंडच्या राजाचं 'मेरी रोज' हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यावर माणसांच्या सामानात खिशातली छोटी सूर्यघड्याळं सापडली. हस्तिदंत ज्याला परवडत नसे त्याच्यासाठी लाकडाची होती, आणि कागदाची सुद्धा. हार्टमान तर उपकरणांचे भाग कागदावर छापून देत असे, घेणाऱ्यानं ते कापून लाकडावर चिकटवायचे.

प्रतिसाद: तांबटआळी

मी पितळ-तांब्याच्या कामातला माणूस, वडिलोपार्जित धंदा. ध्रुवमत्स्य, तुमचा धागा वाचून संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचे मोठे फोटो उघडून बघितले. हस्तिदंतावरचे आकडे कोरलेले नाहीत, ठोकलेले आहेत. ओळखायचं कसं ते सांगतो. कोरणीनं काढलेली रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा बारीक होते, कारण हात आत शिरतो आणि बाहेर येतो. ठशाचा आकडा सगळीकडे एकाच खोलीचा असतो. आणि ठशाचा एखादा कोपरा उडाला असेल तर तोच उडालेला कोपरा दर आकड्यात दिसतो. एका डबीवर मला एकाच तुटक्या शेपटीचा ७ तीन जागी दिसला. पानाफुलांची किनारही तशीच, दोन-तीन ठसे आलटून पालटून मारलेली.

यात कमीपणा अजिबात नाही. हस्तिदंतावर ठसा मारणं अवघड काम आहे. जोर कमी पडला तर रंग धरत नाही, जास्त झाला तर चिरतं. आणि पातळ पानाच्या दोन्ही अंगांना काम असल्यामुळे एका बाजूला ठोकताना दुसरी बाजू सांभाळावी लागते. रेघा मात्र पट्टी लावून ओढलेल्या, त्या हाताच्याच.

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

तांबटआळी, तुमच्यासारख्यांनी लिहावं म्हणूनच हा धागा काढला होता. ठशांचा उलगडा अगदी बरोबर आहे. अभ्यासकही ठशांवरून सही नसलेली डबी कुठल्या कार्यशाळेची ते ठरवतात.

पितळेकडे वळायचं तर दोन नावं घ्यावी लागतील. पहिलं मायकल बटरफील्ड. माणूस इंग्रज, पण दुकान पॅरिसला, मृत्यू १७२४. त्याच्या नावानंच तो घाट ओळखला जातो. अष्टकोनी चकती, चांदीची किंवा पितळेची, एका टोकाला होकायंत्र आणि मध्ये घडी होणारा त्रिकोणी शंकू. शंकूला आधार म्हणून एक जाळीदार पक्षी बसवलेला असतो आणि त्याची चोच अंशांवर टेकते. शंकू वरखाली केला की चोच सरकते. चोच ४९ वर आणली की शंकू पॅरिसच्या अक्षांशाला लागला. चकतीवर तीन-चार अक्षांशांच्या तासांच्या ओळी एकात एक कोरलेल्या आणि मागच्या अंगाला शहरांची यादी. अंश मोजायला काहीतरी दर्शक हवाच होता, त्याचा पक्षी करणं ही त्या कारागिराची रसिकता.

दुसरं नाव आउग्सबुर्ग या शहराचं. योहान मार्टिन, योहान विलेब्रांड, फोग्लर घराणं. यांनी अक्षांशाचा प्रश्न सगळ्यात सुटसुटीत सोडवला असं माझं मत आहे. त्यांनी तासांचं कडंच कलतं केलं. कडं विषुववृत्ताला समांतर धरलं की सूर्य तासाला पंधरा अंश या एकाच चालीनं त्यावर सरकतो. म्हणजे तासांच्या खुणा सारख्या अंतरावर, आणि गाव कुठलंही असलं तरी त्याच. बाजूच्या कमानीवर अक्षांश लावायचा, कडं तेवढं कलवायचं, मधली टाचणी उभी करायची. उन्हाळ्यात ऊन कड्याच्या वरच्या अंगावर येतं आणि हिवाळ्यात खालच्या, म्हणून कडं मधून पोकळ आणि टाचणी दोन्हीकडे निघालेली. डबीत वापराची माहिती आणि शहरांचे अक्षांश छापलेला कागद घडी घालून ठेवलेला असे.

प्रतिसाद: तांबटआळी

बटरफील्डच्या पक्ष्याच्या बिजागरीबद्दल एक सांगतो. तो सांधा घट्टच हवा. रिवेट जरा जरी सैल झालं तरी चोच घसरते आणि अंश बदलतो. फोटोतल्या एका नगावर रिवेटच्या भोवती मागाहून ठोकल्याचे वळ दिसतात. कोणीतरी ते पुन्हा आवळून वापरलंय.

प्रतिसाद: मुळामुठा

वाचनखूण साठवली. ध्रुवमत्स्य, समजा असं बटरफील्डचं घड्याळ सतराव्या शतकात कोणी पुण्यात आणलं असतं, तर चाललं असतं का?

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

नाही चाललं असतं. त्याचा शंकू साधारण ४० ते ६० अंशांमध्येच फिरतो, आणि पुणे साडेअठरा अंशांवर. आउग्सबुर्गचं चाललं असतं, कारण त्याची कमान बहुधा शून्यापासून नव्वदपर्यंत असते.

आडव्या घड्याळाचा सुद्धा आपल्याकडे चेहरामोहरा बदलतो. सूत्र असं की मध्यान्हरेषेपासून तासाच्या रेघेच्या कोनाचा टँजंट म्हणजे अक्षांशाचा साइन गुणिले तासकोनाचा (मध्यान्हापासून तासाला पंधरा अंश) टँजंट. यावरून न्यूरेंबर्गला एक वाजताची रेघ बारापासून साडेअकरा अंशांवर येते. पुण्यात तीच रेघ पाच अंशांच्याही आत येते. उलट पाच ते सहा या शेवटच्या तासाला न्यूरेंबर्गला वीसेक अंश मिळतात, पुण्याला तब्बल चाळीस. म्हणजे आपल्याकडच्या घड्याळावर दुपारी रेघा खेटून येतात आणि सकाळ-संध्याकाळ ऐसपैस होते. जुन्या उपकरणाच्या फोटोत रेघांची ही दाटी बघून ते कुठल्या देशासाठी केलं असावं याचा अंदाज करता येतो.

प्रतिसाद: केतकीवन

आणखी एक शंका. हस्तिदंती डबीत आडवं आणि उभं अशी दोन घड्याळं आहेत. दोन्ही सारखीच वेळ दाखवू लागली म्हणजे डबी बरोबर उत्तरेला लागली, असा ताळा करता येतो का?

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. नाही करता येत. दोन्ही पानांवर सावली एकाच दोऱ्याची पडते. सूर्य आणि दोरा मिळून एक प्रतल होतं, ते दोन्ही पानांना छेदतं आणि दोन्हीकडे एकच तास दाखवतं. डबी चुकीच्या दिशेला धरली तर दोन्ही पानं एकमतानं चुकीची वेळ सांगतील. ताळा करायचा असेल तर दुसरं घड्याळ वेगळ्या तत्त्वाचं हवं. त्या खळग्यातल्या टाचण्यांचा इथे उपयोग होतो, कारण तिथे टोकाची सावली वाचतात आणि त्यात सूर्याची क्रांतीही, म्हणजे विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला तो आहे तेही, येते. नंतरच्या काही इंग्लिश कारागिरांनी एकाच पाटीवर दोन भिन्न तत्त्वांची घड्याळं बसवली. पाटी फिरवत राहायचं, दोन्ही जुळली की दिशा सापडली, होकायंत्राची गरजच नाही.

होकायंत्र टाळायची सगळ्यात देखणी युक्ती मात्र कड्याच्या घड्याळात आहे. विल्यम ऑट्रेड (१५७४–१६६०) या गणितज्ञानं ती बसवली, लंडनच्या एलायस ॲलननं पितळेत उतरवली. एकात एक दोन कडी, प्रवासात चपटी मिटतात. बाहेरचं कडं अक्षांशाला लावून टांगायचं, आतलं काटकोनात उघडायचं. मधल्या पट्टीवर एक बारीक भोकाची सरकपट्टी असते, ती तारखेला लावायची आणि सगळं उपकरण सावकाश फिरवायचं. भोकातून आलेला उजेडाचा ठिपका आतल्या कड्याच्या मधल्या रेघेवर बसला की तिथे वेळ वाचायची, आणि त्याच क्षणी बाहेरचं कडं आपोआप उत्तर-दक्षिण झालेलं असतं. ऐन मध्यान्ही मात्र ते चालत नाही, बाहेरच्या कड्याचीच सावली आड येते.

प्रतिसाद: शिकागोची_सई

मी शिकागोला असते. इथल्या ॲडलर तारांगणात ही सूर्यघड्याळं भरपूर आहेत. तारांगण १९३० चं. मॅक्स ॲडलर यांनी ॲम्स्टरडॅमचा अँटोन मेन्सिंग यांचा संग्रह विकत घेतला, त्यावर हे उभं आहे. तुम्ही फ्रान्समधल्या दिएप गावाच्या डब्यांबद्दल लिहिलं नाहीत. त्याही हस्तिदंतीच, पण वेळ सावलीवर वाचायची नाही, सुईवर वाचायची. मला त्याचं तत्त्व नीट उमगलेलं नाही, जरा सांगाल का?

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

सईताई, बरं झालं आठवण केलीत. दिएपचा शार्ल ब्लू हा त्यातला प्रसिद्ध कारागीर, काळ सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुढचा. दिएप बंदर होतं, आफ्रिकेचा हस्तिदंत तिथे थेट उतरे.

तत्त्व असं. नेहमीच्या घड्याळात डबी उत्तरेला धरतात आणि सावली फिरते. ब्लूच्या डबीत डबी सूर्याकडे धरतात आणि सुई उत्तरेला राहते. झाकण उभं करायचं आणि त्याची सावली खालच्या पानावर बरोबर कडेला कड येईल अशी डबी फिरवायची. आता डबी सूर्याच्या रोखात आहे, आणि सुई व डबी यांच्यातला कोन म्हणजे सूर्याचा दिगंश, उत्तर-दक्षिण रेषेपासून सूर्याच्या दिशेचा कोन. सुईखाली कथिलाच्या मिश्रधातूची लंबवर्तुळाकार तबकडी असते, तिच्यावर तास. सुईच तासकाटा होते. पण एकाच दिगंशाला सूर्य जूनमध्ये वेगळ्या वेळी येतो आणि डिसेंबरमध्ये वेगळ्या, म्हणून डबीच्या खालच्या अंगाला तारखेची चकती आहे. ती फिरवली की आतली तबकडी मागेपुढे सरकते. एका अक्षांशापुरतीच ही डबी नीट चालते आणि सुईचा दिक्पात थेट वेळेत उतरतो, या तिच्या मर्यादा. तरी कल्पना म्हणून मला ती सगळ्यांत धाडसी वाटते.

प्रतिसाद: मुरुडकर

आमच्या मुलखातली गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी. मुरुडजवळचं नांदगाव, म्हणजे नंदिग्राम. तिथले गणेश दैवज्ञ. त्यांचा 'ग्रहलाघव' शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२०. पंचांग करणाऱ्यांनी तो शतकानुशतकं वापरला. त्यांनीच प्रतोदयंत्रावरही लिहिलं आहे. प्रतोद म्हणजे चाबूक. उत्तरेकडे याला चाबुकयंत्रच म्हणत. हातात धरायची किंवा टांगायची काठी, तिच्यावर उभ्या रेघा आणि वरच्या टोकाला आडवा खोचायचा शंकू. सूर्याकडे तोंड करून धरली की शंकूची सावली काठीवर खाली उतरते, आणि ती जिथपर्यंत पोचेल तिथे घटी वाचायच्या. होकायंत्र लागत नाही.

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

मुरुडकर, मनापासून आभार. हार्टमान आणि गणेश दैवज्ञ एकाच काळातले, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

या जातीला युरोपात मेंढपाळाचं घड्याळ म्हणत, आणि पिरेनीज पर्वतातले मेंढपाळ ते अगदी विसाव्या शतकातही वापरत. हान्स होल्बाइननं १५३३ मध्ये रंगवलेल्या दोन राजदूतांच्या चित्रात फळीवर असंच एक उभं आहे. चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सूर्याच्या उंचीवरून वेळ काढणारं हे उपकरण. त्यात एक गोम आहे: मध्यान्हाच्या आसपास सूर्याची उंची फार हळू बदलते, म्हणून तेव्हा वेळ ढोबळच कळते.

कोकणात आणखी एक अडचण आहे, ती न्यूरेंबर्गला येत नाही. उभ्या काठीवर सावलीची लांबी म्हणजे शंकूची लांबी गुणिले उन्नतांशाचा (क्षितिजापासून सूर्याच्या उंचीच्या कोनाचा) टँजंट. न्यूरेंबर्गला सूर्य जास्तीत जास्त चौसष्ट अंशांवर चढतो, म्हणजे सावली शंकूच्या दुप्पट. नांदगावला डिसेंबरातही मध्यान्हीची सावली शंकूहून थोडी मोठी असते, जूनमध्ये ती अकरापटीच्या वर जाते, आणि मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर आला की सावली काठीवरून खाली घसरून जाते. म्हणजे आपल्याकडे हे यंत्र सकाळ-संध्याकाळी उत्तम, उन्हाळ्याच्या दुपारी नाही. इतक्या दक्षिणेला बसून हे यंत्र मांडणाऱ्याला या गणिताशी भिडावंच लागलं असणार.

प्रतिसाद: रानजाई

माझ्याकडे भेट आलेलं एक पितळी सूर्यघड्याळ आहे. घडीचा शंकू, मध्ये होकायंत्र, खाली लंडनच्या एका जुन्या निर्मात्याचं नाव. घेणाऱ्याला बाजारात दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून सांगितलं होतं. खरं-खोटं कसं ओळखू?

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

रानजाई, नाव बाजूला ठेवा, कोनमापक घ्या. शंकूची तिरपी कड पाटीशी किती कोन करते ते मोजा. मग बाराची आणि एकची रेघ यांच्यातला कोन मोजा. लंडनसाठी केलेलं असेल तर शंकू साडेएक्कावन्नच्या आसपास आणि एकची रेघ जवळजवळ बारा अंशांवर यायला हवी.

प्रतिसाद: रानजाई

शंकू ४५. रेघा सगळ्या सारख्या अंतरावर, पंधरा-पंधरा अंशांच्या.

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

मग ते शोभेचं आहे. आडव्या पाटीवर सारख्या अंतराच्या रेघा फक्त ध्रुवावर बरोबर ठरतात, आणि ध्रुवावर शंकू सरळ उभा हवा. या दोन गोष्टी एकमेकींशीच जुळत नाहीत, म्हणजे करणाऱ्यानं गणित केलेलं नाही, आकार उचललाय. तांबटआळींनी सांगितलेलं भिंगातून बघा: आकडे ओतीव असतील तर कडा गोलसर दिसतील. आपल्याकडे रुडकी आणि मुरादाबादकडे जुन्या घाटाच्या पितळी वस्तू मोठ्या प्रमाणावर होतात. हातकाम चांगलं असतं. ती जुनी म्हणून खपवली जातात, वाईट एवढंच.

आणि कोणाच्या मनात खरी हस्तिदंती डबी विकत घ्यायचं असेल तर थांबा. आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ च्या साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) निर्णयापासून बंदी आहे आणि भारतात वन्यजीव कायद्यानं हा व्यापार चालत नाही. संग्रहालयांनी फोटो उत्तम ठेवले आहेत. ऑक्सफर्डचं विज्ञान-इतिहास संग्रहालय तर लुइस एव्हान्स या कागद-कारखानदाराच्या सूर्यघड्याळांच्या आवडीतूनच १९२४ मध्ये सुरू झालं.

प्रतिसाद: नागपुरी_संत्रं

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांकडून पुठ्ठ्याची घडीची डबी करून घ्यायची आहे. नागपूरसाठी आकडे द्याल का, सर?

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

अवश्य. नागपूर २१.१५ अंश धरू. आडव्या पानावर बारापासून कोन: एकला ५.५, दोनला ११.८, तीनला १९.८, चारला ३२, पाचला ५३.४, सहाला ९०. सकाळचे तास दुसऱ्या बाजूला तेच. उभ्या पानावर एकला १४, दोनला २८.३, तीनला ४३, चारला ५८.२, पाचला ७४. खालच्या पानावर बिजागरीपासून दहा सेंटिमीटरवर दोरा बांधला, तर वरच्या पानावर भोक बिजागरीपासून ३.९ सेंटिमीटरवर पाडा. तुलनेसाठी मुलांना सांगा, न्यूरेंबर्गला तेच भोक ११.७ सेंटिमीटरवर येतं.

उभं पान दक्षिणेला तोंड करून असतं. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपूरला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा दुपारी त्या पानावर ऊनच येणार नाही. म्हणून प्रयोग हिवाळ्यात घ्या. मनगटावरच्या घड्याळाशी ताडताना लक्षात ठेवा, नागपूरचा मध्यान्ह प्रमाणवेळेच्या बारानंतर सरासरी १४ मिनिटांनी येतो. त्यात कालसमीकरण, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांत वर्षभर कमीजास्त होणारा फरक, मिळवायचं: फेब्रुवारीच्या मध्यावर आणखी १४ मिनिटं उशीर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं लवकर.

प्रतिसाद: मुळामुठा

मुंबईला हा फरक ३९ मिनिटांचा. म्हणूनच प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईनं स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

प्रतिसाद: नागपुरी_संत्रं

आभारी आहे, सर. दोरा साधा शिवायचा चालेल का?

प्रतिसाद: ध्रुवमत्स्य

सुती दोरा हळूहळू सैल पडतो आणि सैल दोऱ्याचा कोन चुकतो. चपला शिवायचा मेण लावलेला दोरा घ्या, वरच्या भोकातून ओवून मागे गाठ मारा, आणि डबी काटकोनात उघडल्यावर तो ताठ होईल एवढाच लांब ठेवा. काटकोन धरून ठेवायला बाजूला पुठ्ठ्याचा त्रिकोण लावा, बिजागरीच्या भरवशावर सोडू नका. आणि सरळ होकायंत्रावर न जाता शाळेच्या पटांगणात काठी रोवून सकाळ-दुपारच्या सारख्या लांबीच्या सावल्यांवरून उत्तर काढून घ्या, मग डबी तिथे ठेवा.